हेडमध्ये तुटलेला स्टड : खानदेशातील गॅरेजांमधले एक नाजूक काम

इंजिनाच्या सिलिंडरांमध्ये इंधन जळाल्यावर उरणारा तप्त वायू ज्या ओतीव लोखंडी किंवा पोलादी फाट्यांतून एकत्र होऊन सायलेन्सरकडे जातो, त्या भागाला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात, आणि हा मॅनिफोल्ड इंजिनाच्या वरच्या भागाला, म्हणजे सिलिंडर हेडला, घट्ट धरून ठेवण्याचे काम काही थोडे स्टड करतात. स्टड म्हणजे डोके नसलेला बोल्ट : दोन्ही टोकांना आटे पाडलेला पोलादी तुकडा, ज्याचे एक टोक हेडमध्ये कायमचे बसवलेले असते आणि दुसऱ्या टोकावर मॅनिफोल्ड चढवून नट आवळला जातो. बहुतेक लहान मोटारींत हा स्टड ‘एम ८’ मापाचा, म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाचा असून त्याच्या एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचे अंतर १.२५ मिलिमीटर असते. त्याची किंमत किरकोळ असते. परंतु तो हेडच्या आत तुटला, तर दुरुस्तीचा खर्च किती येणार हे त्याच्या किमतीवरून ठरत नाही. तो नेमका कोठे तुटला आहे आणि तो काढण्यासाठी पहिला हात कसा लावला गेला, या दोन गोष्टींवर काही रुपयांत भागणार की अख्खे हेड उतरवावे लागणार, हे अवलंबून असते.

जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत हा बिघाड समजून घेण्यास विशेष कारण आहे. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात, जळगाव त्यांपैकी दुसऱ्या मार्गावर आहे, आणि धुळ्याहून बहुतेक दिशांना निघालेल्या वाहनापुढे लवकरच एखादा घाट उभा राहतो : मालेगावच्या दिशेने शहराबाहेर पडताच लळिंगचा, साक्रीपलीकडे सुरतेच्या वाटेवर कोंडाईबारीचा, शिरपूर ओलांडून सेंधव्याकडे जाताना बिजासनचा, आणि चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट. रावेर-यावलची केळी वाहणारी पिकअप असो, तालुक्याच्या गावांना जोडणारी काळी-पिवळी असो किंवा लग्नसराईत माणसांनी आणि सामानाने भरलेली घरची मोटार असो, ती खालच्या गिअरमध्ये बराच वेळ पूर्ण जोराने चढत राहते, तेव्हा इंजिनातून निघणाऱ्या वायूचे तापमान पेट्रोलच्या गाडीत ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते आणि मॅनिफोल्डचा धातू त्याच्या मागोमाग तापतो. माथ्यावर पोहोचून उतार लागला, की अॅक्सिलरेटरवरचा पाय निघतो, वायूची उष्णता एकदम कमी होते आणि तोच धातू भराभर निवू लागतो. स्टडच्या आयुष्यातला खरा झीज करणारा भाग हा चढ-उताराचा आहे.

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि त्यामुळे तुटलेल्या स्टडचे खापर सहजच उन्हाळ्यावर फोडले जाते. हा समज तपासून पाहिला पाहिजे. थंडीतली १० अंशांची सकाळ आणि वैशाखातली ४५ अंशांची दुपार यांत ३५ अंशांचा फरक आहे, तर मॅनिफोल्ड प्रत्येक फेरीला पाच-सहाशे अंशांनी तापतो आणि निवतो. त्यापुढे हवेच्या उष्म्याचा वाटा फार लहान आहे. ऊन इंजिनाला थंड होऊ देत नाही हे खरे, पण स्टड मोडणारी शक्ती इंजिनाच्या आतून येते.

ही शक्ती कशी निर्माण होते, हे एका छोट्या हिशेबातून स्पष्ट होते. ४५ सेंटिमीटर लांबीचा ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड ५५० अंशांनी तापला, तर तो सुमारे अडीच मिलिमीटरने लांबतो. ज्या अॅल्युमिनिअमच्या हेडवर तो बसवलेला असतो, ते हेड पाण्याने थंड ठेवलेले असल्यामुळे सुमारे ७० अंशांनीच तापते, आणि अॅल्युमिनिअम लोखंडाच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावत असले, तरी तेवढ्या तापमानाला ते जेमतेम पाऊण मिलिमीटर वाढते. म्हणजे दोघांच्या लांबीत पावणेदोन मिलिमीटरची तफावत पडते, ती मध्यापासून दोन्ही बाजूंना वाटली जाते, आणि टोकाच्या स्टडला प्रत्येक वेळी जवळपास एक मिलिमीटर बाजूला ओढले जाते. ही ओढ सोसता यावी म्हणून मॅनिफोल्डची भोके स्टडपेक्षा थोडी मोठी ठेवलेली असतात आणि धातू पॅकिंगवर, म्हणजे गॅस्केटवर, सरकू शकेल अशी योजना असते. परंतु नट प्रमाणाबाहेर आवळला, वॉशर गंजून चिकटला किंवा मॅनिफोल्ड वाकडा झाला, की सरकण्याची ही मुभा संपते आणि सारी ओढ स्टडला वाकवण्यात खर्ची पडते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती एका जागी मोडते, त्याच रीतीने स्टडमध्येही हेडच्या पृष्ठभागाशी, पहिल्या आट्याच्या खाचेत, बारीक चीर पडते आणि वाढत जाते. म्हणूनच मधल्या स्टडपेक्षा दोन्ही टोकांचे स्टड अधिक वेळा तुटलेले आढळतात.

दुसरे कारण गंजाचे आहे. लोखंड गंजते तेव्हा गंजाचे आकारमान मूळ धातूच्या दुपटीहून अधिक होते, त्यामुळे आट्यांमधल्या अगदी बारीक फटीत तयार झालेला गंज नट आणि स्टड यांना पाचर ठोकल्यासारखे पकडून ठेवतो. पोलादी स्टड अॅल्युमिनिअमच्या हेडमध्ये असेल, तर ओलाव्याच्या सान्निध्यात दोन भिन्न धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन अॅल्युमिनिअमची पांढरी, कठीण भुकटी आट्यांत साचते. कोकणातील खाऱ्या हवेच्या मानाने खानदेशची कोरडी हवा या बाबतीत सौम्य आहे. तरीही पावसाळ्यात चाकांनी उडवलेले चिखलपाणी तप्त मॅनिफोल्डवर पडते, वर्षानुवर्षे न उघडलेले नट भाजून निघतात, आणि गंज आपले काम हळूहळू का होईना करतच असतो.

उरलेले कारण माणसाच्या हातात आहे. एम ८ मापाचा नट उघडण्यासाठी जपानी धाटणीच्या गाड्यांवर, म्हणजे मारुतीसारख्या मोटारींवर, बहुधा १२ नंबरचा पाना लागतो, तर इतर अनेक गाड्यांवर १३ नंबरचा. आणि नट हलत नाही असे दिसताच पान्याच्या दांडीवर पाइप चढवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. एक फूट लांबीच्या दांडीवर १० किलोचा जोर दिला, की सुमारे ३० न्यूटन-मीटर पीळ, म्हणजे टॉर्क, निर्माण होतो. मॅनिफोल्डचा एम ८ नट आवळण्यासाठी उत्पादकांनी सांगितलेला पीळ बहुधा २० ते २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. म्हणजे एका हाताच्या साध्या जोरानेच ती मर्यादा ओलांडली जाते; दांडीवर दोन फुटांचा पाइप चढवला, तर गंजून बारीक झालेला, आतून चीर गेलेला स्टड तुटणे जवळपास ठरलेलेच असते.

स्टड तुटल्याची पहिली खूण बहुधा कानाला कळते. सकाळी गाडी थंड असताना चालू केली, की इंजिनाच्या एका बाजूने टक-टक असा ठोका ऐकू येतो आणि गाडी तापल्यावर तो कमी होतो किंवा थांबतो, कारण तापून फुगलेला धातू फट बुजवतो. टॅपेटचा आवाज समजून या खुणेकडे दुर्लक्ष केले जाते, तेव्हा मॅनिफोल्डच्या कडेला काजळीचा काळा पट्टा उमटला आहे का, हे पाहणे उपयोगी ठरते. फटीतून निसटणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. काचा बंद करून एसी लावलेल्या गाडीत इंजिनाकडून जळका वास येत असेल, तर तो बिघाड पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ढकलणे धोक्याचे आहे. शिवाय आधुनिक गाड्यांत मॅनिफोल्डच्या पुढे ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. फटीतून आत ओढली गेलेली बाहेरची हवा त्याला फसवते, इंजिन जास्त इंधन ओढू लागते आणि अॅव्हरेज घटते. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत तोच वायू टर्बोला फिरवण्याआधी निसटल्यामुळे चढावर ओढ कमी पडते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी कारागिराने पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की स्टडचा किती भाग बाहेर उरला आहे. याचे उत्तर तीन प्रकारचे असते : काही आटे अजून हेडच्या बाहेर आहेत, स्टड हेडच्या पृष्ठभागाशी सपाट तुटला आहे, किंवा तो आत खोल तुटला आहे. प्रत्येकाची वाट वेगळी असून एका वाटेवरचे हत्यार दुसऱ्या वाटेवर चालवले, तर बिघाड वाढतो. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील, म्हणजे आयटीआयमधील, फिटर या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात तुटलेला स्टड काढणे हा स्वतंत्र पाठ आहे आणि त्यात हीच विभागणी शिकवली जाते. गॅरेजमध्ये वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून हातात पाना घेतलेल्या मुलाला मात्र ही विभागणी कोणी समजावून सांगत नाही, तो ती एखादे हेड खराब झाल्यावर शिकतो. या कामाच्या ज्ञानाला मराठीत लेखी रूप मिळणे गरजेचे आहे, ते याचमुळे.

स्टडचा काही भाग बाहेर असेल, तर घाई न करणे हीच सर्वांत मोठी कारागिरी ठरते. तारेच्या ब्रशने आटे साफ करून त्यांच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडावे, हातोडीने स्टडच्या टोकावर हलके ठोके द्यावेत म्हणजे तेल आत झिरपण्यास फट मिळते, आणि शक्य असेल तर गाडी रात्रभर तशीच ठेवावी. त्यानंतर दोन नट एकमेकांवर आवळून आतल्या नटाला पाना लावतात, किंवा व्हाइस ग्रिपने स्टड घट्ट पकडतात. स्टड फिरवताना तो सरळ उलटा ओढत राहू नये. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग पाव फेरा सोडण्याच्या दिशेने, पुन्हा थोडा मागे, असे करत गेल्याने आट्यांतला गंज चुरून बाहेर पडतो. स्टड फिरताना करकर वाजला आणि अडला, तर त्याच क्षणी थांबून पुन्हा तेल द्यायचे असते, कारण पुढचा जोर स्टडला पिळून तोडतो आणि सोपे काम अवघड गटात जाते.

तेलाने काम भागत नसेल तेव्हा उष्णता कामी येते. अॅल्युमिनिअम पोलादापेक्षा अधिक फुगत असल्यामुळे स्टडभोवतीचे हेड गॅसच्या ज्योतीने सावकाश तापवले, की भोक स्टडपेक्षा जास्त मोठे होते आणि पकड ढिली पडते. मात्र अॅल्युमिनिअम लाल होऊन इशारा देत नाही, ते सुमारे ६०० अंशांच्या पुढे अचानक वितळू लागते, म्हणून ज्योत एका जागी धरणे चुकीचे. काही जुने मिस्त्री तापलेल्या स्टडच्या मुळाशी मेणबत्ती टेकवतात. वितळलेले मेण फटीत ओढले जाऊन वंगणाचे काम करते, आणि ही युक्ती शास्त्राला धरूनच आहे. गॅस किंवा वेल्डिंग वापरण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडणे, इंधनाच्या नळ्या झाकणे किंवा दूर करणे आणि गंज सोडवणारे ज्वालाग्राही तेल पुसून काढणे, एवढी तयारी न करता सुरुवात करणाऱ्याला थांबवण्याचा गाडीमालकाला पूर्ण अधिकार आहे.

स्टड पृष्ठभागाशी सपाट तुटला असेल, तर वेल्डिंगची रीत बहुधा सर्वांत भरवशाची ठरते. तुटलेल्या स्टडवर एक वॉशर आणि त्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून स्टडवर वेल्डिंगचा थर चढवतात. पोलादाचे वेल्डिंग अॅल्युमिनिअमला धरत नाही, त्यामुळे काळजीपूर्वक काम केल्यास हेड सुरक्षित राहते. आणि त्याहून महत्त्वाचे हे, की वेल्डिंगच्या झळीने स्टड अतिशय तापतो, भोकात फुगून गंजाला चिरडतो आणि निवताना आक्रसून पकड सोडतो. लाली जाईपर्यंत थांबून, स्टड अजून गरम असतानाच पान्याने हळूहळू हलवला, तर तो पुष्कळदा सहज निघतो. पहिला नट तुटून हातात आला तरी निराश होण्याचे कारण नाही. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात निघालेले स्टड काही कमी नसतात, कारण प्रत्येक वेळच्या तापण्या-निवण्याने पकड थोडी थोडी सुटत असते.

स्टड आत खोल तुटला असेल आणि वेल्डिंग पोहोचत नसेल, तर ड्रिल वापरण्यावाचून गत्यंतर नसते, आणि या कामात सर्वाधिक हेड येथेच बिघडतात. तुटलेला पृष्ठभाग कधीच सपाट नसतो, त्यामुळे ड्रिलचे टोक उतारावर घसरते. आणि पोलाद कठीण व सभोवतीचे अॅल्युमिनिअम मऊ असल्याने एकदा घसरलेला ड्रिल मऊ धातूत शिरतो आणि पोलादाला बगल देऊन बाजूला भोक पाडतो. यावर उपाय असा, की लहान ग्राइंडिंग बिटने पृष्ठभाग सपाट करावा, सेंटर पंचने बरोबर मध्यभागी खूण करावी आणि शक्य असेल तर लेथवर बनवलेली एक छोटी बुश मॅनिफोल्डच्या भोकात बसवून तिच्यातून ड्रिल चालवावा, म्हणजे त्याला वाट सोडता येत नाही. अशी बुश जळगावच्या किंवा धुळ्याजवळच्या अवधानच्या औद्योगिक वसाहतीत एखादा टर्नर थोड्या वेळात बनवून देऊ शकतो, आणि तेवढी फेरी वाचवण्यासाठी हातानेच ड्रिल धरणे ही या सगळ्या कामातली सर्वांत महागडी काटकसर आहे. आधी ३ मिलिमीटरचे, मग ५ मिलिमीटरचे असे भोक वाढवत जावे, ड्रिलची गती मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आत ठेवावी आणि कापण्याचे तेल देत राहावे. उलट्या दिशेने कापणारे ड्रिल मिळाले, तर ते अधिक चांगले, कारण भोक पाडतानाच ते स्टडला सोडण्याच्या दिशेने ढकलत असते.

या टप्प्यावर हाताशी असलेले ईझी आउट, म्हणजे उलट्या आट्यांचे निमुळते एक्स्ट्रॅक्टर, मोहात पाडते. ते जात्याच फार कठीण आणि म्हणून ठिसूळ असते. गंजाने धरलेल्या स्टडमध्ये ते जोराने फिरवले आणि तुटले, तर भोकात असा तुकडा अडकतो, ज्याला साधा ड्रिल कापूच शकत नाही. त्यानंतर कार्बाइडचे बिट किंवा स्पार्क इरोजन एवढेच मार्ग उरतात. स्पार्क इरोजनमध्ये विजेच्या ठिणग्यांनी धातू कणाकणाने झिजवला जातो. १९४३ मध्ये सोव्हिएत रशियात लाझारेन्को दांपत्याने ही पद्धत विकसित केली, आणि डाय बनवणाऱ्या कारखान्यांत ती आता रोजच्या वापरातली असली, तरी गाडीचे हेड उतरवून तेथवर नेणे म्हणजे पॅकिंगपासून वेळेपर्यंत सगळाच खर्च वाढणे होय. म्हणून एक्स्ट्रॅक्टर हे तेल आणि उष्णता यांनी आधीच सैल झालेल्या स्टडसाठी वापरायचे हत्यार आहे. अडकलेल्या स्टडवर जबरदस्ती करण्यासाठी ते बनलेले नाही.

ड्रिल मध्यभागी राहिला असेल, तर साडेसहा मिलिमीटरपर्यंत भोक वाढवल्यावर उरलेले पोलाद आट्यांच्या खाचेत बारीक कड्यासारखे राहते, ते टोकदार पंचने आत वळवून काढता येते आणि एम ८ च्या टॅपने आटे साफ करता येतात. ड्रिल सरकून हेडचे आटे गेले असतील, तरीही हेड फेकण्याचे कारण नसते. अशा वेळी हेलिकॉइल बसवतात : ८.३ मिलिमीटरचे भोक पाडून खास टॅपने मोठे आटे पाडायचे आणि त्यात पोलादी तारेची वेटोळी चढवायची, जिच्या आतल्या बाजूला पुन्हा एम ८ चे मूळ माप तयार होते. अॅल्युमिनिअमच्या मऊ आट्यांपेक्षा ही पोलादी वेटोळी अनेकदा अधिक टिकाऊ ठरते, म्हणून ‘हेडमध्ये हेलिकॉइल टाकली’ असे ऐकून मालकाने धास्तावून जाण्याचे कारण नाही.

एवढ्या कामाला कधी तास लागतो, तर कधी दिवस जातो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तेवढ्या वेळात एक पोलादी तुकडा निघालेला दिसतो. सुट्या भागांच्या बिलात या वेळाची नोंद कुठेच होत नाही; त्यामुळे शांतपणे तेल सोडून दुसऱ्या दिवशी या, असे सांगणारा कारागीर आळशी ठरतो आणि पाइप लावून दोन मिनिटांत निकाल लावणारा चपळ वाटतो. ही मोजणी उलटी आहे. ज्याने हेड वाचवले, त्याच्या रात्रभराच्या थांबण्याला मजुरी मिळायला हवी, आणि ती कबूल करण्याची तयारी गाडीमालकाने काम सुरू होण्याआधीच दाखवली पाहिजे.

नवा स्टड बसवताना भोक हवेने फुंकून कोरडे करतात, कारण तळाशी राहिलेला बुरा किंवा तेल स्टडला पूर्ण बसू देत नाही. काही इंजिनांत हे भोक थेट पाण्याच्या कप्प्यात उघडते. तेथे आट्यांवर उष्णता सोसणारे सीलंट लावावे लागते, अन्यथा कूलंट झिरपतो. स्टडवर ८.८ असा दर्जा कोरलेला असेल, तर पहिला आकडा सांगतो, की तो तोडण्यास दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, म्हणजे साधारण ८० किलोचा ताण लागेल, आणि दुसरा आकडा सांगतो, की त्याच्या ८० टक्के ताणाला तो कायमचा लांबू लागेल. मात्र हे आकडे साध्या तापमानाचे असून तप्त जागेवर ताकद घटते, म्हणून त्या इंजिनासाठी उत्पादकाने ठरवलेलाच स्टड घ्यावा, भंगारातला साधा बोल्ट कापून घालू नये. नट तांब्याचा मुलामा दिलेले किंवा पितळी मिळाले, तर ते चिकटत नाहीत. बाहेरच्या आट्यांना तांबे किंवा निकेल असलेली उष्णतारोधक पेस्ट लावतात. पेस्टमुळे घर्षण कमी होते आणि तेवढ्याच पिळाला स्टडवर जास्त ताण येतो, हे ध्यानात ठेवून टॉर्क पान्याचे माप ठरवावे लागते.

मॅनिफोल्ड चढवण्यापूर्वी त्याच्या बसणाऱ्या तोंडांवर पोलादी पट्टी उभी धरून खालून फिलर गेज सरकवून पाहतात. गेज मर्यादेबाहेर आत जात असेल, तर मॅनिफोल्ड वाकला आहे. तो मशिनवर घासून सपाट केल्याशिवाय आवळला, तर टोकाचा नवा स्टड पहिल्या दिवसापासूनच वाकलेल्या अवस्थेत काम करतो आणि पुन्हा तेथेच तुटतो. पॅकिंग नेहमी नवे घालतात, नट मध्यापासून दोन्ही टोकांकडे जात दोन-तीन फेऱ्यांत आवळतात, म्हणजे मॅनिफोल्ड सर्वत्र सारखा बसतो. त्यानंतर इंजिन पूर्ण गरम करून निवू देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना ती पुन्हा चालू करून मॅनिफोल्डच्या सांध्याशी साबणाचे पाणी शिंपडतात. बुडबुडे आले नाहीत आणि टक-टक ऐकू आली नाही, तरच गाडी घाटाच्या रस्त्यावर सोडतात.